पहाटेच्या धारेला दिसतं ते

धामणगाव बढे,
२ फेब्रुवारी १९६४

प्रिय वत्सला,

नागपूरहून तुझं पत्र आलं. वर्गात सरांनी म्हशीच्या अंडवाहिनीबद्दल विचारलं, तू सांगायला लागलीस तशी पोरं हसली, आणि तू गप्प खाली बसलीस. आता ढोरांची डॉक्टरकी नको, घरी येते म्हणतेस. वाचून आधी रडू आलं, मग तुझा रागच आला.

आपली चंद्री म्हैस वर्षभर फळत नव्हती, तुला ठाऊकच आहे. चारदा रेड्याकडे नेली. दूध आटत चाललं. ढोरांच्या डॉक्टरसाहेबांनाही वाटलं, अंडवाहिनी बंद असावी. तू दिवाळीहून परत गेलीस आणि आजोबांनी तिला खामगावच्या बाजारात काढायचं ठरवलं. खरं काय ते मला केव्हाचं माहीत होतं. धार मी काढते. ज्या पहाटे ती पान्हा चोरायची आणि मागून चिकट, स्वच्छ तार लोंबायची, त्या पहाटे ती माजावर असायची. गडीमाणसं ती ओरडायची वाट बघत, आणि ही बया ओरडणार दुसऱ्या दिवशी, वेळ टळल्यावर! पण सासऱ्यासमोर सुनेनं असलं बोलायचं नाही, म्हणून मी गप्प.

बाजाराच्या आदल्या दिवशी डॉक्टर गोठ्यात आले, तेव्हा मला राहवलं नाही. डोक्यावरचा पदर सावरला आणि आजोबांसमोरच म्हणाले, "साहेब, नळी-बिळी काही बंद नाही. चंद्री पहाटे माजावर येते अन् हे तिले दुसऱ्या दिवशी नेतात. काऊन फळंल ते?" आजोबांची चिलीम हातातच राहिली. बापासमोर बायको बोलली म्हणून तुझे दादा छपराचे वासे मोजायला लागले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. हात घालून तपासलं, काही दोष निघाला नाही. मी सांगितलेल्या पहाटे तिला न्यायला लावलं. काल त्यांनी पुन्हा पाहिलं, चंद्री तीन महिन्यांची गाभण आहे. आता आजोबाच रोज विचारतात, "सूनबाई, कपिली गाईचं कसं हाय आज?"

हे घाईनं लिहिते, कारण दादा गुरुवारी मलकापूरहून गाडीत बसतील, तुला घरी आणायला. मी त्यांना अडवलं नाही. नाही म्हणायचं ते तू म्हण, त्यांच्या तोंडावर. मला चाळिशीत जमलं, तुला विसाव्या वर्षी जमेल. तुझ्याविना घर खायला उठतं, तरी सांगते. त्यांच्याबरोबर लाडू पाठवते. ते ठेवून घे, डबा त्यांच्याजवळ परत दे, आणि तू येऊ नकोस.

तुझीच,
आई