शिवदासचा कर माझ्यावर बसवण्याबाबत

प्रति,
मा. व्यवसाय कर अधिकारी,
मुंबई उपनगर.

विषय : मदतनीस श्री. शिवदास यांच्याऐवजी माझ्याकडून व्यवसाय कर घेण्याबाबत.
संदर्भ : संचालकांनी मला काल दिलेला फसवणुकीचा मेमो.

महोदय,

मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. पगार चोवीस हजार. तेवढ्या पगारावर स्त्रियांना व्यवसाय कर माफ असल्याने माझे काहीच कापले जात नाही. माझ्या हाताखालचे शिवदास तेरा हजारांवर राबतात, त्यांचे महिन्याला दोनशे कापले जातात. आमचे संचालक श्री. धवल सहा लाख पगार घेतात आणि त्यांचेही दोनशेच कापले जातात. ही समानता आपल्या खात्याला शोभत असेल, मला तिची किळस येते.

कारखान्यातल्या सत्यनारायणाची वर्गणी आम्ही पगार बघून घेतो. मदतनीस नारळ देतो, साहेब हजारांत देतात आणि आजवर कोणी कुरकुर केलेली नाही. तोच हिशोब मी या महिन्यात कराला लावला. कमी पगारवाल्यांचा कर वरच्यांनी वाटून घ्यायचा असे ठरले, त्यात माझाही वाटा धरला. संचालक सोडून सर्वांनी यादीवर सह्या केल्या. वेगळे पावतीपुस्तक नव्हते म्हणून पूजेचेच वापरले, पण पावतीवर 'मदतनिसांच्या करासाठी' असे स्वच्छ लिहिले होते.

संचालकांनी पावती न वाचताच पाच हजारांचे पाकीट दिले, वर त्याला नमस्कार केला आणि प्रसाद घरी पाठवायला सांगितला. संध्याकाळी पावती वाचली तेव्हा केबिनबाहेर येऊन त्यांनी सगळ्यांसमोर मला चोर म्हटले. देवाला हसत दिलेले पैसे शिवदासला जाणार म्हणून परत मागितले. महोदय, मला अक्षरशः शिसारी आली.

पाकीट मी जसेच्या तसे परत केले. तरीही यादीवर सही करणाऱ्या प्रत्येकाला दोनशे रुपये दंड झाला, सुपरवायझरला तेवढाच आणि मदतनिसालाही तेवढाच. कारण विचारले तर "सरकार पण सगळ्यांकडून दोनशेच घेतं ना?" असे उत्तर मिळाले. म्हणजे या महिन्यात शिवदासांचे चारशे गेले. तरी तेच मला सांगतात, "ताई, माफी मागून टाक ना. उगाच नोकरी घालवशील."

सबब, शिवदासांचा कर माझ्या पगारातून घ्यावा. नियमात बसत नसेल, तर सहा लाख आणि तेरा हजार एकाच मापात कसे बसतात ते लेखी कळवावे.

आज पाचपर्यंत माफीनामा न दिल्यास मला कामावरून काढण्यात येईल. माफीनाम्यासाठी केबिनमधून कोरा कागद मिळाला होता. हा अर्ज त्याच कागदावर लिहिला आहे.

आपली, न मागता करमाफ झालेली,
कल्पिता श्यामकांत तोरसकर
मरोळ, दि. ११ जून २०२५

प्रत : श्री. धवल, संचालक, यांना माफीनाम्याऐवजी.