सतरा इंची चाकं

आप्पा, माझ्या गाडीला मी मोठी चाकं बसवली आहेत. तुम्हाला हे आवडणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून तेच आधी सांगते. कंपनीची पंधरा इंची साधी चाकं काढली आणि सतरा इंची, काळी, चकचकीत अलॉय चाकं घातली. गाडी डिकीवाली आहे, राखाडी रंगाची, माझ्या पगारातून घेतलेली. तुम्ही असतात तर गाडीभोवती एक फेरी मारली असतीत, खाली वाकून टायरवर अंगठा दाबला असतात आणि माझ्याकडं न बघता म्हणाला असतात, "ह्यात रबर कुठं हाय?" रबर कमीच आहे. रिम मोठी घेतली की टायर बुटका घ्यावा लागतो, तरच चाकाचा एकूण घेर पूर्वीइतका राहतो आणि वेगाचा काटा खोटं बोलत नाही. मी बेळगावात कॉलेजात गणित शिकवते. हे गणित वहीच्या मागच्या पानावर तीनदा करून पाहिलं होतं. ते चुकलेलं नाही. फक्त रस्ता आणि माणूस यांच्यामधलं रबर इंचभर कमी झालं.

दुकानदारानंही आधी नकोच म्हटलं. तो माझ्याशी बोलतच नव्हता, माझ्या नवऱ्याकडं बघून बोलत होता. "साहेब, ब्याड री," निम्मं कानडी, निम्मं मराठी करत तो म्हणाला, "ह्यो कॉलेजच्या पोरांचा शोक हाय. मागं बसनारी मानसं शिव्या घालत्यात. मॅडमना जरा समजावून सांगा." नवरा मिशीतल्या मिशीत हसला. "गाडी तिची हाय," म्हणाला, "तिलाच सांगा की." मग मीच सांगितलं, बसवा, आणि चारी चाकं बसेपर्यंत तिथंच उभी राहिले. स्टाफरूममध्ये दोन दिवस माझीच चर्चा. पंचेचाळिशीच्या बाईला हे काय सुचलं, धाकटा मुलगा सांगतो तसं करते वाटतं, चांगली चाललेली गाडी हातानं बिघडवली. मला धाकटा नाही नि थोरला नाही, एक मुलगी आहे आणि तिला गाड्यांचं काही पडलेलं नाही. सगळ्यांना मी एकच उत्तर दिलं: काही आदळत नाही, पहिल्यासारखीच मऊ चालते. इतक्या लोकांना सांगितलं की शेवटी मला ते पाठ झालं. दर रविवारी मी स्वतः खाली बसून त्या रिमा पुसते. येणारेजाणारे बघतात. बघू देत. माझी गाडी दिसली पाहिजे, हेच मला हवं होतं.

कारण तुमची गाडी कधी दिसली नाही आप्पा. म्हणजे गाडी दिसायची, तुम्ही दिसायचा नाहीत. निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडं तुम्ही एकोणतीस वर्षं ड्रायव्हर होतात. आपल्या घरात त्यांना मालक हेच नाव होतं. मालक मागं बसायचे, कधी पेपर वाचत, कधी घोरत, आणि बेळगाव आलं की तुम्ही दार उघडायचात. तुमचा सगळा अभिमान एका वाक्यात होता. "मागं बसल्याल्या मानसाला रस्ता कळला न्हाय पायजे." घरात आई भाकरीचं पीठ मळताना, माझ्या वेणीला रिबीन बांधताना, कुठंही तुम्ही हे वाक्य काढायचात. नवे टायर घातले, चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस दिलं, की तुमची ती परीक्षा असायची. मागच्या सीटवर लाकडी पाट, पाटावर काठोकाठ भरलेलं स्टीलचं फुलपात्र, आणि गाडी तवंदी घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत. आल्यावर तुम्ही मागचं दार उघडायचात आणि पाटाभोवती सीटवर तळहात फिरवायचात. कोरडं लागलं की नुसतं "जमलं" म्हणायचात. तळहातानंच तुम्हाला सगळं कळायचं, असं मला वाटायचं.

त्या दिवशी मी नऊ वर्षांची आहे. शाळेला सुट्टी आहे म्हणून तुम्ही मला पुढच्या सीटवर घेतलंय. खिडकीतून वारा येतोय, तुम्ही गियर टाकताना ओठ घट्ट मिटता ते मी बघतेय. घाटाच्या पायथ्याला एक बैलगाडी आडवी येते आणि तुम्हाला ब्रेक दाबावा लागतो. मी मागं वळून बघते तर पाणी काठावर थरथरतंय. आता हे सांडणार आणि आप्पा परीक्षेत नापास होणार, एवढंच मला कळतं. तुम्ही खाली उतरून बैलगाडीवाल्याशी बोलताय तेवढ्यात मी पुढच्या सीटवरून मागं उडी मारते, तिथं बसते, फुलपात्र दोन्ही हातांनी धरते आणि दोन घोट पिऊन टाकते. सांडायला काही उरलंच नाही की झालं. परत पुढं येऊन शहाण्यासारखी बसते. घरी आल्यावर तुम्ही तळहात फिरवता, सीट कोरडी आहे, पण पाणी कमी आहे. "पानी कुठं गेलं?" प्याले, मी सांगते. "कुठं बसून प्यालीस?" मी मागच्या सीटकडं बोट दाखवते.

तुम्ही मारलं नाहीत. तुम्ही कधीच मारलं नाहीत. "ती जागा मालकांची हाय," एवढंच म्हणालात, "तितं आपुन बसायचं न्हाय. इसरून बी न्हाय." आणि खिशातलं पिवळं फडकं काढून, मी जिथं बसले होते ती जागा तुम्ही पुसली. माझ्या फ्रॉकला काही लागलेलं नव्हतं. मी सकाळीच आंघोळ केली होती. तरी तुम्ही पुसली, कोपऱ्यापर्यंत, नीट. याचा राग मला त्या दिवशी आला नाही. तो पुढं आला, दहावीत आला, नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हा आला, आणि अजून गेलेला नाही. तुम्ही नोकरी सांभाळत होतात, आमच्या तोंडात घास पडावा म्हणून सांभाळत होतात, हे मला कळतं. कळलं म्हणून राग जात नाही आप्पा.

आणि मग ती शेवटची फेरी. तुमचं पोट फुगलेलं, डोळे पिवळे, निपाणीच्या डॉक्टरांनी बेळगावला न्यायला सांगितलेलं. मालकांनी गाडी पाठवली, आणि गाडीबरोबर त्यांचा नवा ड्रायव्हर. तुम्हाला बसवत नव्हतं म्हणून मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर. आई पुढं बसली होती, पदर तोंडावर दाबून. एकोणतीस वर्षांत त्या सीटवर तुमचं अंग पहिल्यांदा टेकलं होतं. तुमचे डोळे मिटलेले होते, तरी तुम्ही सगळा रस्ता सांगत होतात. "घाट संपला." "संकेश्वर आलं बघ." खिडकीतून बघावं तर खरंच संकेश्वर. वंटमुरीच्या उतारावर एक दणका बसला आणि तुमचा हात माझ्या मनगटावर आवळला. मग हळूच म्हणालात, "मागं लई आदळतंय गं." मी म्हटलं, "नवा ड्रायव्हर हाय आप्पा, त्याला तुमच्यावानी जमत न्हाय." तुम्ही मान हलवलीत. "हात बरा हाय त्येचा. गाडीच आदळतीया." आणि काकती येईपर्यंत थांबून, "मालक कवा बोललं न्हाईत."

तुमच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. दुखणं नव्हतं ते. तुम्हाला लाज वाटत होती. मरायला टेकलेला माणूस, आणि त्याला लाज कशाची, तर आपली गाडी मागं आदळते हे आपल्याला एकोणतीस वर्षं कळलं नाही याची. त्यानंतर अकरा दिवसांनी तुम्ही गेलात. मला तर उलट वाटतं, ती लाज तुमची नव्हतीच. ज्या सुखासाठी तुम्ही आयुष्य घातलंत त्याची चव तुम्हाला कुणी घेऊ दिली नाही, आणि तुम्हीही कधी मागितली नाहीत. फुलपात्राला बसवलंत, तळहात ठेवलात, पण स्वतः पाच मिनिटं तिथं बसला नाहीत. मी तशी राहणार नाही असं मी तिथंच, तुमचं डोकं मांडीवर असताना ठरवलं होतं. चार वर्षांपूर्वी गाडी घेतली आणि पहिल्या दिवशी आईला निपाणीहून आणायला गेले. ती सवयीनं पुढचं दार उघडायला लागली. मी तिला म्हटलं, "आई, मागं बस. ऐसपैस बस. गाडी आपली हाय." ती बसली. मी आरशात बघितलं आणि वंटमुरीपर्यंत मला समोरचा रस्ता धड दिसला नाही.

आईचा मणका आता गेलाय. तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं वाकून काढली तिनं. दर महिन्याला मी तिला निपाणीहून बेळगावला डॉक्टरांकडं आणते आणि संध्याकाळी सोडून येते. मोठी चाकं घातल्यापासून अशा चार फेऱ्या झाल्या. दर वेळी मी विचारलं, "बरं वाटतंय न्हवं?" दर वेळी ती म्हणाली, "झ्याक हाय." मी स्टाफरूममध्ये तेही सांगत फिरले, माझी आई मणक्याची पेशंट, ती बसते आणि काही म्हणत नाही. परवाच्या पाचव्या फेरीत, संध्याकाळी तिला सोडायला जाताना, संकेश्वरच्या पुलावरचा सांधा आला. मला स्टेअरिंगमध्ये नुसती एक टिचकी बसल्यासारखी वाटली. मागून आवाज आला, "आई गं." आरशात बघितलं तर ती दोन्ही हातांनी सीट धरून, अर्धी उचलून बसली होती. माझ्या लक्षात आलं की ती अशीच येत असणार, चारी वेळा.

गाडी बाजूला घेतली आणि मी तिच्यावरच चिडले. "आधी का न्हाय सांगितलंस?" ती म्हणाली, "तू हौसेनं घातलीस. कशाला बोलू?" मी तिला टायरची हवा सांगितली, चाकाचा घेर सांगितला, पुलाच्या सांध्यावर कुठलीही गाडी आदळतेच हे सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, पिशवीतली शाल घडी करून कमरेमागं सारली, आणि अगदी साधेपणानं विचारलं, "तू बसलीस का गं कवा मागं?"

मी गाडी सुरू केली. निपाणीपर्यंत आम्ही तिच्या गोळ्यांविषयी बोललो.

मी माघार घेत नाही, आप्पा. ती चाकं देखणी आहेत आणि मला आवडतात. रस्ता हाताला कळतो, वळणावर गाडी घट्ट धरून राहते. मागच्याला रस्ता कळू नये म्हणून पुढच्यानं जन्मभर ओठ मिटून बसावं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. उद्या रविवार आहे. नवऱ्याला सांगितलंय, गाडी तू चालव, बेळगुंदीचा रस्ता घे, खड्डे चुकवत बसू नकोस. आदळलं तर जुनी चाकं जिन्याखाली आहेत, ती परत चढवीन. पण ती तळहात फिरवून नाही, माझ्या स्वतःच्या पाठीला विचारून. आणि चढवलीच, तर त्या दुकानदाराला सांगायला मी स्वतःच जाईन.

हा कागद कुठं पाठवायचा ते मला माहीत नाही, तेव्हा गाडीच्या कागदांबरोबर पुढच्या कप्प्यात राहील. आईला मी उत्तर दिलं नाही, ते तुम्हाला देते. चार वर्षं झाली गाडी घेऊन. सगळ्यांना मागं बसवलं. मी नाही बसले आप्पा, एकदाही नाही.