अदाचं गलबत

११ जानेवारी १९५२, लामू

सकाळी भरतीबरोबर आत आलो. नांगर टाकला. कौलं उद्यापासून उतरवायची. वारा ईशान्येचा, बेताचा. कुणी आजारी नाही.

एवढंच लिहून थांबणार होतो. पण एक गोष्ट मनातून जात नाही. खाडीच्या तोंडाशी खडक आहेत. वाटाड्या घे, असं जुसबचाचा – आमचा जुना सुकाणी – दोनदा म्हणाला. मी घेतला नाही. थोरला भाऊ, आमचा अदा, कधी घेत नसे. पाण्याचा रंग बघत आलो, कुठे घासलं नाही. आणि तरी समोरून येणाऱ्या प्रत्येक होडीतला माणूस मला सांगत होता – पोले, नाखवा, पोले! म्हणजे हळू. इतका शब्द खलाशांकडून मला ठाऊक आहे. गलबत मुंगीच्या पावलांनी चाललं होतं. याहून हळू कसं चालवायचं? अदाला असं सांगायची कुणाची हिंमत झाली असती का?

मी एकाकडेही पाहिलं नाही.

झांझिबारला खिमजी नाखवांच्या हाती गलबत द्यायचं आणि स्टीमरनं मांडवीला परतायचं, असं भाभीशी ठरलं आहे. तोवर एक ओरखडा उठू द्यायचा नाही.

१२ जानेवारी

जुसबचाचाला बोलून दाखवलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला.

"मास्तर, पोले पोले असं जोडून म्हटलं की हळू. नुसतं पोले म्हणजे दुखवट्याचं. राघवजी गेल्याची बातमी पोरबंदरवाल्यांनी आधीच आणली आहे इथे. ते तुला गलबत हाकायला शिकवत नव्हते रे. तुझ्या भावासाठी हळहळत होते."

आणि मी कपाळाला आठ्या घालून बसलो होतो.

दुपारी आमचा स्वयंपाकी भंडारी आमटी वाढताना म्हणाला, "पोले पोले, मास्तर, गरम आहे." सगळे हसले. मीही.

संध्याकाळी धक्क्यावर गेलो. जो पोले म्हणाला, त्याच्यापुढे हात छातीशी नेऊन मान लववली. धक्का संपता संपेना. इतकी माणसं अदाला ओळखत होती, हे घरात आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

१४ जानेवारी

बकारी म्हाताऱ्याकडे बोलावणं. अदा दर वर्षी खारफुटीच्या लाकडाच्या बल्ल्या घ्यायचा तो याच्याकडूनच. कच्छी बोलतो, आपल्यासारखी. ओट्यावर बसवलं, भाजलेला मोगो, इथला कंद, दिला, वर मीठ-तिखट-लिंबू.

"तू शाळावाला धाकटा. राघव म्हणायचा, पोरांना पाढे शिकवत बसलाय, पण तारे माझ्याहून बरे ओळखतो. तो गलबतावर आला की मी पुढे बसून नुसता मोगो खाणार."

मला अदा तोंडावर कधी 'ठीक' याच्या पलीकडे काही बोलला नाही.

"वाटाड्या कोण घेतलास?"

"कुणी नाही."

म्हाताऱ्यानं ओट्यावरच्या बाकीच्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. सगळे माझ्याकडे वळून बघू लागले. मी मोगो खात राहिलो. पण इतकं बरं मला शाळेत बढती मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

४ फेब्रुवारी, समुद्रात

अदाचा सदरा घातला. खांद्यात सैल होतो.

९ फेब्रुवारी, मोंबासा

जुन्या बंदरात गर्दी. अरबांची गलबतं एकाला एक लागलेली. त्यांच्यामधून शीड अर्धं ठेवून नेलं. कच्छी दुकानदारानं विचारलं, "राघवजीचे कोण?" भाऊ म्हटल्यावर दुकान तसंच टाकून उठला आणि मला घरी जेवायला घेऊन गेला.

२० मार्च, झांझिबार

लवंगा भरून झाल्या. आता झोपेतही तोच वास.

खिमजी नाखवा आले. माझं स्टीमरचं तिकीटही त्यांनीच काढून आणलंय. शांत, जुना माणूस. दोर ओढून बघितले, शीड उलटंपालटं करून बघितलं.

"लामूला वाटाड्या होता ना?"

"नाही."

"वेडेपणा. मी आयुष्यात कधी तसा गेलो नाही."

"अदा जायचा."

"तो गेला, मास्तर."

त्यांचं खरं आहे. गेल्या वर्षी इथूनच परतताना अदाला ताप भरला. भर समुद्रात तो गेला, खलाशांनी तिथेच त्याला पाण्यात सोडलं. म्हणून तर भाभी म्हणाल्या, "जाताना किनारा जवळ असतो, तेवढं तुम्ही न्या, भावजी. परतीचा मोकळा दर्या दुसऱ्या कुणाला करू दे. एका घरातले दोघे मी द्यायची नाही." मी हो म्हटलं होतं. तेव्हा मला गलबत नकोच होतं.

आता हवं आहे. लिहून बघितलं. खरंच आहे.

२३ मार्च

जुसबचाचा दोर वळत होता. मान वर न करता म्हणाला, "तोंडात जीभ आहे की कौल? शाळेत पोरांना उभं करून बोल म्हणतोस ना?"

"भाभीला शब्द दिलाय, चाचा."

"तिला भीती कसली? तू बुडशील याचीच ना? मग बुडू नकोस."

थोड्या वेळानं म्हणाला, "खिमजी चांगला आहे. त्याच्या हाताखालीही आम्ही सुखरूप पोचू. ते तुला सांगून ठेवतो. नंतर म्हणू नकोस, आमचं अडलं होतं म्हणून राहिलो."

त्याच्या या बोलण्यानं माझी शेवटची सबबही गेली.

२४ मार्च

उद्या बोलतो.

२५ मार्च

बोललो. खिमजी नाखवांनी ऐकून घेतलं. ना हो म्हणाले, ना नाही. विडी ओढली आणि मला आकाशातले तारे विचारत बसले – मांडवीची वाट कुठल्या ताऱ्यावर धरायची, ढग आले तर कुठल्यावर. परीक्षाच. एकदा चुकलो. आपण होऊन सुधारलं.

"विचार करतो," म्हणाले.

२८ मार्च

सकाळी स्टीमर सुटली. माझ्या तिकिटावर खिमजी नाखवा गेले. भाभींना तार करू नका म्हणाले, मी समोर बसून सांगतो.

खलाशी गावात गेलेत. गलबतावर मी एकटाच. पिण्याच्या पाण्याची पिंपं एकेक उघडून बघितली. एक तळाशी झिरपत होतं. कापूस तेलात भिजवून फटीत बसवला.