चिंचेखालचा शुक्रवार

ता. २५ जून १९५७, मंगळवार

आज सकाळी सुतारकाम बाजूला ठेवलं, पिशवी झटकली, तेलाची बाटली घेतली आणि नेहमीच्या मंगळवारसारखा शांतेच्या मायला घेऊन सेलूच्या बाजाराला निघालो. बाजाराच्या तोंडाशी शिपाई उभा. "बाजार बंद. तापाची साथ आहे, सरकारचा हुकूम आहे. परत जा." आत मैदानात दोन गाई, बाकी काही नाही.

आम्हाला बाजाराशी काय करायचं होतं. मागच्या अंगाला चिंचेकडे गेलो. तिथे दर मंगळवारी महारोगाच्या दवाखान्याची गाडी उभी असते. आज नव्हती. चाकांच्या खुणाही जुन्या, वाळलेल्या. सरकारी दवाखान्यात कंपौंडरला विचारलं. म्हणाला, "गाडी तापाच्या कामाले घेतली, डाक्टरबी तिकडंच. तुमचा आजार आज-उद्याचा नाई बावा, थांबन. ताप थांबून राह्यला का?" गोळ्या मागितल्या. त्या डॉक्टरांच्या कुलुपात.

दोन वर्षं होतील. शांतेच्या मायच्या डाव्या कोपराखाली चट्टा, सुई टोचली तरी न कळणारा. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं: वेळेवर आलात, गोळी चुकवू नका, हात शाबूत राहील, आणि हा असला चट्टा दुसऱ्याला लागत नाही. हे आम्हा दोघांना ठाऊक आणि मारुतीरायाला. लेकीला, शांतेला, नाही. तिचं साक्षगंध वैशाखात झालं, हिंगणीला, लग्न मार्गशीर्षात. तोवर कोणाच्या कानावर गेलं तर... मंगळवार बरा होता. सगळं गाव सेलूला जातं, त्यात आम्ही.

येताना कासाबाईचा ओटा. तिच्यासमोरून गेल्याशिवाय गावात शिरता येत नाही.
"काहो वाढई, रिकामी पिशवी? बाजारानं हाकललं का तुमाले?"
"बंद हाय, मावशी."
"मंग येवढा येळ कोनाचं लगन लावत होते?"
शांतेची माय हसली. मला जमलं नाही.

ता. २८ जून

कोतवालाने दवंडी दिली. बाजार बंद, शाळा उघडणार नाही, देवळात चारांपेक्षा जास्त माणसं बसायची नाहीत, लोकांनी गर्दी करू नये. ते ऐकायला सगळं गाव चावडीपुढे गोळा झालं होतं. पाटील म्हणाले, आधी हुकूम नागपूरहून यायचे, आता मुंबईहून येतात, वाटेत थकतात. लोक हसले. दोघं-तिघं खोकलेही.

भजन बंद. खंजिरी खुंटीला.

ता. २ जुलै, मंगळवार

ताप गावात शिरला. पाटलाच्या घरचे सगळे आडवे. अंग ठणकतं, डोळे लाल, तीन-चार दिवसांत उतरतो म्हणतात. म्हातारी माणसं अठरा सालच्या मानमोडीच्या तापाचं नाव काढतात आणि तोंडावर हात ठेवतात. मानमोडीत मी दहाएक वर्षांचा होतो. माय सकाळी जात्यावर बसली होती. दळण अर्धं राहिलं. ते पीठ पुढे कोणी खाल्लं, आठवत नाही. आज दिवसभर तेच मनात का यावं.

शांतेच्या मायच्या पुडीत थोड्या गोळ्या उरल्या आहेत. ती एक आड एक घेते, पुरवते. तसं करू नये असं डॉक्टर म्हणाले होते. पण काय करणार.

ता. ८ जुलै, एकादशी

मला ताप येऊन गेला. अक्षर अजून वाकडं येतं. पडून होतो तेवढ्यात घरात काय चाललं होतं ते आज कळलं. शांतेची माय रोज मोठ्या गंजात ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज शिजवते आणि घरोघर नेऊन देते. घरंच्या घरं झोपलेली, चूल पेटवायला माणूस नाही. कासाबाई एकटीच असते, तिला तर हिने मांडीवर डोकं घेऊन पाजली.

मी म्हटलं, "हे पुढं अंगावर आलं तं? तुह्या हातची म्हनून?"
म्हणाली, "ज्याले उठता येत नाई त्याले हात दिसत नाई. डाक्टर म्हनला ना, असा लागत नाई? मंग खोटं बोलला का तो?"
"लोकाले कोन सांगन?"
"लोकाले आत्ता भूक लागली हाय."

गंज उचलून निघून गेली. एकादशीचं नाम घरातच घेतलं, एकट्याने. मन लागलं नाही, तिच्या पावलांचा आवाज ऐकत बसलो.

ता. १६ जुलै

गोळ्या संपल्या. एकटाच दवाखान्यात गेलो. ओसरीपासून रस्त्यापर्यंत माणसं. मागच्या खोलीत आमच्या आजाराचं कपाट असायचं, तिथे आता तापाच्या खाटा. देवी टोचणारे तापाच्या कामावर, बाळंतपणाची नर्सबाई तापाच्या कामावर. एक बाई छकड्यात कण्हत होती, तिचा नवरा दारोदार विचारत फिरत होता. शेवटी कोणी सांगितलं, वर्ध्याला न्या. तो बैलांकडे बघत राहिला. पुढे काय झालं कळलं नाही.

रांगेत उभा राहिलो. माझ्या मागे गावचेच तिघं. त्यात पाटलाचा पुतण्या, सारखा बोलत होता. नंबर आला. कंपौंडरने मान वर न करता विचारलं, "काय होते?"

मी म्हणालो, "ताप."

बाटलीवर चिठ्ठी चिकटवून लाल औषध दिलं त्याने. ते घेऊन घरी आलो. तिने बाटली उजेडात धरून पाहिली. "हे कशाचं?" मी सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. तिने बाटली कोनाड्यात ठेवली, देवाच्या बाजूला, आणि भाकरी थापायला बसली.

ता. २४ जुलै

आज जळका वास आला म्हणून कामावरून उठून आत गेलो. तिने तव्याची कड डाव्या हाताने धरली होती आणि शांतेशी बोलत होती. बोलतच होती. शांता ओरडली तेव्हा तिने हाताकडे पाहिलं. करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्हींवर फोड.

"माय, तुले लागलं नाई?"
"लागलं ना."
पण तिचा चेहरा लागल्यासारखा नव्हता. शांता तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

ता. २५ जुलै

शांता कामाच्या ठिकाणी आली. रंध्याचे छिलके गोळा करत बसली, चुलीला लागतात म्हणून. गोळा करून झाले तरी बसून. मग म्हणाली, "मायच्या हाताले काऊन समजत नाई, बाबा?"

सांगितलं. सगळं. चिंच, गाडी, मंगळवार.

रडली नाही. छिलके ओच्यात घेऊन गेली. आजपासून तवा तीच धरते. मायला चुलीजवळ येऊ देत नाही. दोघींचं त्यावरून भांडण ऐकू येतं, आणि ते ऐकून बरं वाटतं.

ता. ६ ऑगस्ट, मंगळवार

ताप ओसरला. तिघं गेले गावातले, दोन म्हातारे आणि गुलाबच्या घरचं लेकरू. शाळा सुरू झाली. आज बाजारही भरला, आम्ही गेलो. चिंचेखाली गाडी नाही. तिथे कांदेवाला बसला होता.

परत आलो तर चावडीपुढे दवंडी. महारोगाचा दवाखाना पुन्हा सुरू. पण बाजाराच्या दिवशी गर्दी नको, म्हणून वार बदलला. इथून पुढे शुक्रवार. "रक्तपितीवाल्या समद्याइनं शुक्रवारी चिंचेखाली हजर राह्यावं होऽऽ" आणि हलगी.

कोणी म्हणालं, "आपल्या गावात कोन हाय बे?" दुसरा म्हणाला, "शुक्रवारी सडकेवर बसू, दिसन."

हुकूम काढणाऱ्याने चांगलंच योजलं असेल. गर्दीत आजारी माणसाला त्रास नको, त्याला निवांत तपासावं. पण शुक्रवारी आमच्या गावातून सेलूला कोणी जात नाही. त्या दिवशी त्या सडकेला लागलेला माणूस एकाच ठिकाणी जाणार. आमचं पांघरूण तो बाजार होता, हे मुंबईत कोणाला कसं समजावं.

ता. ९ ऑगस्ट, शुक्रवार

गेलो नाही. दिवसभर रंधा मारत बसलो. पोरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करायचे आहेत, यंदा ज्या त्या घरचं मागणं आहे. ताप येऊन गेला म्हणून पोरांचे लाड. दुपारी सडकेने एक परगावचा माणूस गेला, उपरणं तोंडावर. ओट्यावरची मंडळी तो लांब जाईपर्यंत बघत राहिली.

ती म्हणाली, "लगन होऊ द्या. मार्गशीर्ष काई दूर नाई. मंग जाऊ रोज, वाजतगाजत."
करंगळी आत वळू लागली आहे. ती पदरात लपवते. मी पाहतो, ते तिला कळतं.

देवा, एक हात की एक लेक, असं का विचारतोस?

ता. १६ ऑगस्ट, शुक्रवार

काल शाळेत झेंडा झाला, पोरांना गूळ-फुटाणे. आज पहाटे आम्ही सडक सोडून नाल्याच्या वाटेने निघालो. नाल्याला पाणी होतं. ती मध्यावर घसरली, डाव्या हाताने दगड धरायला गेली, बोटांनी धरलंच नाही. मी ओढून काढलं. गुडघा फुटला, लुगडं चिखलाने भरलं. तशी चिंचेखाली नेणार कशी? परत फिरलो.

कासाबाई ओट्यावर. "काहो, नवरा-बायको नाल्यात मासोळ्या पकडाले गेलते का?"
शांतेची माय म्हणाली, "होय मावशी, एकबी सापडली नाई."
घरी येऊन रडली. हात दुखत नाही म्हणून रडली. "दगड धरला असं वाटलं मले," म्हणत होती.

ता. २० ऑगस्ट

आज बाजार असून गेलो नाही. शांता म्हणाली, "हिंगणीले कोन सांगन, बाबा? तुमी का मी?"
"सांगायचं?"
"माय चोरून पान्यात पडून राह्यली. अजून किती पाडता तिले?"
तिच्या मायने ऐकलं. म्हणाली, "तुह्या लगनाचं काय होईन, पोरी?"
"होईन ते होईन. नाई झालं तं घरी राहीन. तवा कोन धरन मंग?"

मारुतीपुढे बसलो. त्याने काही सांगितलं नाही. कदाचित शांतेने सांगितलं तेच.

ता. २१ ऑगस्ट, बुधवार

हिंगणीला जाऊन आलो. व्याही गोठ्यात होते. सांगितलं: आजार कोणता, किती दिवसांचा, डॉक्टर काय म्हणाले, आणि शुक्रवारी आम्ही दोघं उघड जाणार. त्यांनी बैलाच्या पाठीवरचा हात तसाच ठेवला.

"वाढई, न सांगता लगन होऊन गेलं असतं."
"होय."
"मंग काऊन सांगता?"
"लोकाच्या तोंडून कळन तुमाले. त्यापेक्षा माह्या तोंडून कळावं."

चहा आला. विहीणबाईंनी कप समोर ठेवला, हातात दिला नाही. वैशाखात कसा दिला होता, वाटभर आठवत आलो. आठवलं नाही. निघताना व्याही म्हणाले, "घरात विचारतो. पोराले बी विचारतो." फाटकापर्यंत पोचवायला आले. एवढंच.

ता. २३ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर निघालो. तिने धुतलेलं लुगडं नेसलं, हात पदराबाहेर. सवयीने माझा हात खुंटीवरच्या पिशवीकडे गेला. ती म्हणाली, "राहू द्या. आज काई आनायचं नाई."

शांता दारात उभी राहिली, आम्ही वळेपर्यंत.

चावडीवर चार-पाच जण होते. कासाबाईच्या ओट्यासमोर आलो.
"आज शुक्रवारी कुठी, वं?"
मी तोंड उघडायच्या आत हिनेच सांगितलं. "चिंचेखाली, मावशी. हाताची दवा आनाले."
कासाबाई तिच्या हाताकडे बघत राहिली. आम्ही चार पावलं पुढे गेल्यावर मागून आवाज आला, "तुही पेजेची वाटी माह्याकडं पडून हाय. येताना घेऊन जाजो."
ही म्हणाली, "बरं." चालता चालता पदराने डोळे पुसले.

चिंचेखाली बारा-पंधरा माणसं असतील. आपापल्यात अंतर ठेवून, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. डॉक्टर वाळले आहेत, त्यांनाही ताप येऊन गेला. हात बराच वेळ पाहिला. करंगळी सरळ होईल का, विचारलं. "सांगता येत नाही. बाकीची वाचवू. आता खंड नको." गोळ्या दिल्या, बोटांना रोज तेल चोळायला सांगितलं.

त्याच सडकेने परत आलो. कासाबाईचं दार लोटलेलं. वाटी ओट्याच्या कडेला ठेवली होती, राखेने घासून लख्ख. आत मूठभर तुरी. कोणाचं भांडं रिकामं परत देऊ नये म्हणून घातल्या, की देणंघेणं इथे संपलं म्हणून, ते कळलं नाही. हिने त्या तुरी पदरात ओतून घेतल्या.

परवा पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. बैल रंगवून ओळीत उभे आहेत, चाकं बसवून झाली. कालपर्यंत पोरं डोकावून जात होती, आज अजून कोणी आलं नाही. हिंगणीचा निरोप नाही.

तिने शांतेसमोर बसून गोळी घेतली. तेलाची ती बाजाराची बाटली शांतेने खाली काढली आणि मायची बोटं चोळायला बसली. पिशवी खुंटीलाच आहे.