दिसलं तेवढंच सांग

खारबाव, ३ फेब्रुवारी

चि. जागृतीस आजीचा आशीर्वाद.

फोन लावला की तुजा आजा कान टवकारून बसतो, म्हणून पत्र. अक्षर चौथीचं हाय, लावून वाच.

तू ऐरोलीत बसून अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांच्या लघवीच्या दुखण्यांना आकडे लावतेस, त्यावर तिथल्या डॉक्टरांची बिलं निघतात. मग घरचा म्हातारा कुणी बघायचा? त्याच्या लेंग्यावर रक्ताचा डाग होता, मीच धुतला. विचारलं तर म्हणतो, वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात बसलो, अंगातली उष्णता बाहेर पडतेय. भिवंडीच्या डॉक्टरकडं धाडला, तिथं सगळं ठीक हाय सांगून शक्तीच्या गोळ्या घेऊन आला. मी तर कॅन्सरच धरलाय. शेजारच्या सीताबाईच्या दिराचं असंच झालं. रडत बसले न्हाय, भाकऱ्या थापतेय. काय करू ते कळव.

जेवत जा. फोटोत नुसती हाडं दिसतात.

तुजी आजी

ऐरोली, ७ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

जेवते गं मी. हाडं तुझ्याकडूनच आलीत.

आमच्याकडे नियम आहे: डॉक्टरांच्या कागदावर जे नाही, ते झालंच नाही. आणि डॉक्टरांना नुसती शंका असेल तर आजाराचा आकडा लावायचा नाही, ‘लघवीत रक्त’ एवढाच लावायचा. नवी होते तेव्हा मी शंकेलाच कॅन्सर करून टाकलं होतं. आमचं काम तपासणाऱ्या निशाताईंनी ते परत पाठवलं. म्हणाल्या, चांगल्या माणसाला फुकट मारलंस. तूही आजोबांना आत्ताच मारू नकोस.

आजोबा बोलले नाहीत, म्हणून कागदावर आलं नाही, म्हणून तपासणी झाली नाही. आता तू सोबत जा. आजाराचं नाव घेऊ नकोस. रंग कसा, कधीपासून, दुखतं का, दिसलं तेवढंच सांग. तू धवलारीण, गाणी म्हणून एवढी लग्नं लावलीस. हळद लागायच्या आधी हळदीचं गाणं कधी म्हटलंस का? तसंच हे.

मलाही भीती वाटतेय. लगेच कळव. आणि माया पातळ करू नकोस.

तुझी जागृती

खारबाव, २० फेब्रुवारी

चि. जागृतीस आजीचा आशीर्वाद.

त्याच्यासंग गेले. दवाखान्याच्या दारातच बाईनं पेशंटचं नाव विचारलं. जन्मात उखाण्याशिवाय घेतलं न्हाय, तिथं कोरडंच घेतलं, केसरीनाथ. आजा लाजून पंख्याकडं बघत बसला. डॉक्टरनं विचारलं तर परत म्हणाला, ठीक हाय. मी म्हटलं, ठीक असता तर मी भात टाकून आले नसते. मग रंग सांगितला, डाग सांगितला, कण्हतो तेही सांगितलं. आजा टेबलाखालून चिमटे काढत होता. कॅन्सर जिभेवर आला होता, गिळला.

डॉक्टरनं सगळं लिहून घेतलं. सोनोग्राफी केली, मग नळीतून कॅमेरा घातला. मूतखडा निघाला, चिंचोक्याएवढा. फोडून काढला. बाकी काय न्हाय म्हणाले. आता ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला खडा दाखवतो, जसा काय यानंच जन्माला घातला.

तुजी भीती आता टाक. त्या निशाताईला माजा नमस्कार सांग, बाई शहाणी हाय. तिकडं येणाऱ्या कल्पेशबरोबर सुकट धाडतेय, खा. लोभ हाय तेवढा बास, वाढवलास तर सांभाळायला मलाच लागेल.

तुजी आजी

ता. क. रिक्षातून येताना तुजा आजा खाडीकडं बघत म्हणाला, तू सोबत आलीस, बरं वाटलं. असं आजवर कधी बोलला न्हाय. इथं लिहून ठेवते. न्हायतर तुमच्या नियमानं झालंच न्हाय.