हेडरिगचा आवाज

सिएटल,
१४ ऑक्टोबर १९९०

ती. बाबांना,
डेलचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि धुरावलेला सामन दोन्ही पोचलं. पत्र मी दोनदा वाचलं, मासा मात्र आम्ही तिघांनी उभ्याउभ्याच संपवला. मार्लिन म्हणाला, तुझ्या बाबांना म्हणावं मला दत्तक घ्या. हा आमचा गाणारा, बास गिटारही तोच वाजवतो. सध्या माझ्याच कोचावर झोपतो, तेव्हा दत्तक गेल्यातच जमा आहे. ड्रमवर असतो गॉर्डी. टकोमाच्या बेकरीवाल्याचा मुलगा, त्यामुळे आम्हाला शिळा पाव कमी पडत नाही.

तुम्ही विचारलंत की तुम्ही पोरं वाजवता ते असतं तरी कसं. इथे असं कुणी विचारत नाही, कारण इथे सगळ्यांना ऐकू येतं. तुमच्यासाठी लिहायला बसलो तेव्हा कळलं की मलाही ते नीट माहीत नाही. तरी प्रयत्न करतो. गिटारची सगळ्यात जाड तार आम्ही मुद्दाम ढिली करतो. मग ती गाण्यापेक्षा गुरगुरते जास्त. कडवं अगदी हळू असतं. मार्लिन तोंडातल्या तोंडात बोलल्यासारखं गातो, मी दोन-तीन सूर नुसते टपकू देतो. लोकांना वाटतं, पोरं दमली बहुतेक. आणि मग धृपद येतं तेव्हा आम्ही तिघे एकदम तुटून पडतो आणि मार्लिन पोटापासून ओरडतो. पुन्हा हळू, पुन्हा जोरात. चाल चपळ नसते, ओझं ओढल्यासारखी असते. ते ओझं लोकांना का आवडतं कोण जाणे, पण गेल्या शनिवारी आम्ही वाजवलं त्या बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

बँडचं नाव ठेवलंय 'हेडरिग'. हो, तुमच्याच मिलमधली, ओंडका पहिल्यांदा चिरणारी ती मोठी करवत. रागावू नका. लहानपणी आई मला मिलच्या फाटकाशी घेऊन यायची तेव्हा जो आवाज पायांतून वर चढायचा, तो मी शोधतोय. एका छोट्या कंपनीने आमची दोन गाण्यांची तबकडी काढली आहे, सोबत पाठवतो. ऐकता येणार नाही हे ठाऊक आहे, पण घरात असू द्या.

तब्येतीला जपा. आठवण आहेच, ती कमी करू नका.

तुमचा,
डेल

*

होक्वियम,
२ नोव्हेंबर १९९०

चि. डेल यास,
बाबांचे अ. उ. आ.

तबकडी मिळाली. शेजारच्या कोस्कीबाई ती आपल्या घरी घेऊन गेल्या आणि वाजवून पाहिली. परत आल्या त्या पाटीवर लिहूनच घेऊन आल्या, की मांजर पलंगाखाली गेलं आहे आणि बाहेर येत नाही. म्हणून मी समजलो की चांगली झाली असावी.

नावाचं म्हणशील तर, ज्या बयेने माझे कान खाल्ले तिचं नाव तू छातीवर मिरवतोस, यावर बापाने काय बोलावं. तुझी आई असती तर तुझा कान धरला असता. मी हसलो. मिलमध्येही सगळ्यांना दाखवलं. ते म्हणाले, रायनो, पोराने निदान तुझ्या जेवणाच्या डब्याचं नाव ठेवलं नाही.

तू हळू आणि जोरात लिहिलंस ते मला कळलं. करवत मोकळी फिरते तेव्हा गुणगुणते. ओंडका पुढे सरकतो, माणूस श्वास धरतो, आणि दात लाकडात शिरले की तो आवाज कानाने नाही, दाढांनी ऐकायचा असतो. मला तो अजून आठवतो. बाकी बरंच विसरलो.

इकडे पाळ्या कमी केल्या आहेत. जंगलतोड बंद होणार म्हणतात. जुन्या झाडांत राहणाऱ्या घुबडांना वाचवायचं आहे. माझं घुबडांशी वैर नाही.

जेवण वेळेवर करत जा. तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
बाबा

*

मिनियापोलिस,
१९ फेब्रुवारी १९९२

ती. बाबांना,
स. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण आम्ही हल्ली कुठेच राहत नाही. मोठ्या कंपनीने करार केला हे कळवलंच होतं. तबकडी निघाली आणि दुकानांत संपली, पुन्हा छापली आणि पुन्हा संपली. रेडिओवर आम्ही लागतो. गंमत सांगू का, तुम्ही कामाला घालता तसले चौकड्यांचे जाड शर्ट इथे काचेमागे टांगून विकतात. मी तुमचा जुना शर्ट घालून फोटोला उभा राहिलो, तर फोटोवाल्या बाईने विचारलं, कोपराचं भोक कुठल्या कारागिराकडून करून घेतलंस.

रोज नवं गाव, रोज तेच गाणं. खाली हजार पोरं एकमेकांवर पडत असतात, आणि बाबा, मला अधूनमधून वाटतं की मी काचेच्या पलीकडे आहे. वाजवून झालं की मोटेल. मार्लिन पार्टीला जातो आणि सकाळी येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत कुणी नसतं. बाह्या कधी वर करत नाही. गॉर्डी आणि मी त्याबद्दल बोलत नाही.

गॉर्डीने नव्या झांजा घेतल्या आहेत, अगदी मेलेल्या वाजतात. पत्र्यावर वाळू पडल्यासारख्या. त्याला सांगितलं तर म्हणाला, त्याच जुन्या आहेत. वाजवून झालं की माझ्या कानात केटली उकळत राहते, सकाळपर्यंत ती बंद होते. सगळ्यांचंच असं होतं म्हणतात.

वेलचीचा तो पाव कोस्कीबाई अजून करतात का? फार आठवण येते.

लोभ आहे तसा राहू द्या.
तुमचा,
डेल

*

होक्वियम,
३० जून १९९२

चि. डेल यास,
अ. उ. आ.

मिल बंद झाली. शेवटच्या दिवशी सगळ्यांना केक दिला. मी तुकडा रुमालात बांधून घरी आणला आणि तो द्यायला कुणी नाही हे लक्षात आल्यावर मीच खाल्ला. आता सकाळी उठून बूट चढवतो आणि मग आठवतं. काढायला लाज वाटते म्हणून तसाच खाडीपर्यंत चालत जातो. वाटेत बाकीचे भेटतात, त्यांनीही बूट घातलेले असतात.

तुझे पैसे परत पाठवले म्हणून रागावू नकोस. मला पुरतं. कोस्कीबाई पाव करतात. तू आलास की करतील त्यात लोणीही असेल, मला कोरडाच मिळतो.

मार्लिनला एकटं सोडू नका. मुलगा मासा आवडीने खातो म्हणजे आतून वाईट नाही.

तुझा,
बाबा

ता. क. सकाळी मोटेलच्या बाहेर झाडं असतात ना, त्यांवर पाखरं ओरडतात का, एवढं लक्ष देऊन ऐक आणि लिही.

*

हॅम्बर्ग,
११ एप्रिल १९९३

ती. बाबांना,
स. न. वि. वि.

तुमची सगळी पत्रं मिळाली. प्रत्येकात तुम्ही पाखरांचं विचारता, म्हातारपणी हे नवीनच. तर ऐका, या देशात पाखरंच नाहीत. मागच्या महिन्यात आपल्याकडेही नव्हती. झाडावर बसलेली दिसतात, पण गप्प असतात. थंडी असेल.

दुसरी तबकडी पुरी केली. फार भांडणं झाली. मी म्हणायचो, गिटार बोथट वाटते, धार हवी. गॉर्डी म्हणायचा, धार नाही ही, सुई आहे, दात शिवशिवतात. मार्लिन तर कानांवर उशी धरून बसला. मी म्हटलं, तुला काय कळणार, तू अर्धा वेळ शुद्धीत नसतोस. असं म्हणायला नको होतं. शेवटी माझंच चाललं, कारण चाली माझ्या असतात आणि त्या दोघांकडे भांडायचं बळ उरलं नव्हतं.

सगळे माझ्याशी पुटपुटत बोलतात. गाडीत मागे बसून हसतात, विचारलं तर काही नाही म्हणतात. मार्लिनमुळे सगळ्यांना कुजबुजायची सवय लागली आहे. मॅनेजरही त्याच्यावरच डोळा ठेवून असतो. मी खिडकीला डोकं टेकून बसतो. काचेतून इंजिनाचा आवाज येतो, तेवढा मला आवडतो.

लवकर घरी येईन म्हणतो, पण उन्हाळाभर दौरा आहे.

तुमचा,
डेल

*

होक्वियम,
३ मे १९९३

चि. डेल,

आज आशीर्वाद शेवटी लिहितो.

पाखरं ओरडत आहेत, बाळ. हॅम्बर्गमध्ये ओरडतात आणि इथेही. मला ती ऐकू येत नाहीत, पण चोच उघडलेली दिसते. तुला दिसली असेल, तूही नीट बघ.

पाखरं पहिल्यांदा जातात. मग झांजा, घड्याळ, पावलाखालचा पाला. मग माणसं पुटपुटायला लागतात. मला वाटायचं, मिलमध्ये नवी भरती झालेली पोरं तोंडात तंबाखू धरून बोलतात. तुझ्या आईशी मी वर्षभर भांडलो, की तू शब्दांची टोकं खातेस. ती रडायची. ती नीटच बोलत होती. मग मला वाटलं, लोक माझ्यामागे हसतात. दोन मित्रांशी बोलणं सोडलं. जे राहिलं ते जाड आवाज, इंजिन आणि ढगांचा गडगडाट. ते शेवटी जातात. तुला इंजिन आवडतं असं लिहिलंस तेव्हा मी पत्र खाली ठेवलं आणि अंगणात गेलो.

गॉर्डीच्या झांजा चांगल्या आहेत. तुझी गिटार खरोखरच सुईसारखी झाली असणार, कारण तुला टोक लागत नाही म्हणून तू ते वाढवत नेलंस. त्यांच्याशी भांडू नकोस. डॉक्टरकडे जा. वाजवायचं थांबव, निदान कान बांधून वाजव. आहे तेवढं वाचेल. गेलं ते येत नाही, हे मी तुला खोटं सांगणार नाही.

तू रागावशील. मीही रागावलो होतो, मिलच्या नर्सवर. तिने मला हेच सांगितलं होतं.

अनेक आशीर्वाद, अनेक.
बाबा

*

टकोमा,
६ फेब्रुवारी १९९४

रायनोकाकांना,
गॉर्डीचा स. न. वि. वि.

आपली ओळख माशापुरती, तरी लिहितो, कारण डेल लिहीत नाही हे मला कळलं आहे. तुमचं मे महिन्यातलं पत्र त्याने गाडीत वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि त्या संध्याकाळी इतक्या जोरात वाजवलं की पुढच्या रांगेतल्या पोरी बाहेर गेल्या. पत्रात काय होतं ते त्याने सांगितलं नाही. मला ते पुढे कळलं.

तबकडी शरद ऋतूत निघाली. काही वर्तमानपत्रांनी लिहिलं, अशी निर्दय तबकडी झाली नाही. त्यांना ती आम्ही ठरवून तशी केली असं वाटलं. विकत घेणाऱ्यांनी दुकानात परत नेऊन दिली. कंपनीने फोन उचलणं बंद केलं. मग दौऱ्यात ओमाहाला मार्लिन प्रसाधनगृहात पडलेला सापडला. तो वाचला, घाबरू नका. सध्या व्यसनमुक्तीच्या ठिकाणी आहे, कोंबड्या सांभाळतो आणि लठ्ठ झाला आहे. पण त्या दिवशी बँड संपला. डेल त्याच्याबरोबर रुग्णवाहिकेत बसला होता. तिथला माणूस त्याला पुन्हा पुन्हा विचारत होता की याने काय घेतलंय, आणि डेल नुसता त्याच्या तोंडाकडे बघत होता. मला वाटलं, धक्का बसलाय. त्याला प्रश्नच कळला नव्हता. नंतर त्याने मला ते सांगितलं आणि तुमचं पत्र दाखवलं. मग डॉक्टरकडेही गेलो. तुम्ही म्हणालात तसंच निघालं.

काका, तीन वर्षं मी त्याच्या पाठीमागे बसून ड्रम वाजवत होतो आणि मला समजलं नाही. आम्ही सगळे मार्लिनकडे बघत होतो.

आता तो सिएटलच्या खोलीत एकटा असतो. मी दार वाजवतो, तो उघडत नाही. फोन तर उचलतच नाही. रागाने की ऐकू न आल्याने, हे बाहेरून कसं ओळखायचं? तुम्ही आलात तर बरं होईल. पत्ता मागे लिहिला आहे.

आईने पाव पाठवला आहे, गोड मानून घ्या.
आपला,
गॉर्डी

*

होक्वियम,
२० सप्टेंबर १९९४

प्रिय गॉर्डी,
स. न. वि. वि.

इतके महिने लिहिलं नाही, तू ते मनावर घेणार नाहीस या भरवशावर. बाबा त्या फेब्रुवारीत बसने आले. माझ्या दाराशी पोचले आणि त्यांनी वाजवलं. मला ऐकू आलं नाही. मी आतून ओ दिली असती तरी त्यांना ऐकू आली नसती. मग ते जिन्यावर बसून राहिले. मी सिगरेटी आणायला दार उघडलं तेव्हा त्यांच्या पाठीवर अडखळलो. घरमालकीण सांगते की त्यांना आत बोलावलं तरी ते उठले नाहीत, पाटीवर लिहून दाखवलं, की कधीतरी भूक लागेलच त्याला. मग ते आत आले. माझी पेटी भरली आणि गिटारही त्यांनीच उचलली.

इथे मी कोस्कीबाईंच्या जावयाबरोबर होड्या दुरुस्त करतो. कान बांधून. घरात आम्ही दोघे समोरासमोर बसतो, दिवा दोघांच्याही तोंडावर पडेल असा ठेवून. ओठ वाचायला ते मला शिकवतात. मास्तर कडक आहेत. प, ब आणि म सारखेच दिसतात, त्यावरून रोज भांडण होतं. मी सोमवार म्हटलं की ते सोपवार का म्हणतोस विचारतात. काही दिवस तर काहीच जमत नाही आणि सगळं घर नुसतं पोकळ वाटतं. तेव्हा मी अंगणात जातो. केटली मात्र कधी थांबत नाही, तिची सवय होईल असं बाबा म्हणतात. त्यांना किती वर्षं लागली ते सांगत नाहीत.

मार्लिनचं पत्र आलं होतं, कोंबडीच्या पिसासकट. त्याला एकदाच, शेवटचं म्हणून, वाजवायचं आहे. तू दुसरा गिटारवाला बघ. मी चाली लिहून पाठवतो, धार तुम्ही ठरवा. रागाने म्हणत नाही. मला तुमच्यात उभं राहून नुसतं ओझं ऐकायचं नाही. मी तिथे नसताना तुम्ही हळू कडवं वाजवाल तेव्हा ते कसं असेल याचा मी बऱ्याचदा विचार करतो.

एक सांगायचं राहिलं. मला बाबांचं बोलणंच सगळ्यात कमी कळायचं. त्यांचंच काहीतरी चुकतं म्हणून मी वैतागायचो आणि पाटी पुढे सरकवायचो. आज सकाळी ते न्हाणीघरातून बाहेर आले, तर मी ओळखलंच नाही. माझ्या जन्माच्या आधीपासूनची दाढी-मिशी त्यांनी साफ काढून टाकली होती. खालचा अर्धा चेहरा लहान मुलासारखा पांढरा, हनुवटीवर एक वण, वस्तऱ्याने कापल्याच्या दोन ताज्या रेघोट्या. एवढ्या वर्षांत मी बापाचं तोंड पाहिलंच नव्हतं. ते खुर्चीवर बसले, दिवा जवळ ओढला आणि बोलले. मला पहिल्याच वेळी कळलं, पाटीशिवाय. कॉफी गार होतेय, एवढंच म्हणाले होते.

तुझ्या आईला नमस्कार सांग. तुझी माया आहे, ती अशीच असू दे.
तुझा,
डेल