दोन्ही फ्लॉप्यांची पूजा

सर, मंगळवारी तुमची मुलगी घरी येऊन गेली. मी ओळखलं नाही. दारात उभी राहून ती म्हणाली, "काका, मी सरांची थोरली," आणि कुठले सर म्हणून विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिचं कपाळ दिसलं. तुमचंच आहे. तुमच्यामागं वहिनीही गेल्या उन्हाळ्यात वारल्या हे मला तिच्याकडून कळलं. घर विकायचं ठरलंय, म्हणून ती पुण्याहून आवराआवरीला आली आहे. चहा नको म्हणाली. मग पिशवीतून तिनं दोन फ्लॉप्या काढून माझ्यासमोर स्टुलावर ठेवल्या. जुन्या, काळ्या, हाताच्या पंजाएवढ्या, कागदी पाकिटातल्या. लेबलावर तुमचं अक्षर. मी हात लावला नाही.

"आई म्हणायची, बाबांनी चार वर्षं फुकट घालवली," ती म्हणाली. "बाबा म्हणायचे, कोल्हापुरात कुणाकडं नव्हती तेव्हा मी कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं आणली होती. आम्हाला वाटायचं, उगाच बोलतायत. खरं काय ते सांगायला आता तुम्हीच एक राहिलाय. पुण्यात माझ्या ओळखीचा एकजण असल्या जुन्या फ्लॉप्या वाचून देतो. यात काही असेल तर त्याला देते. नसेल तर शनिवारी भंगारवाला येतोय, त्याच्या गाडीत जाऊ दे."

मी तिला काय सांगितलं ते मागाहून लिहितो. आधी तुम्हाला कधीच सांगितलं नाही ते लिहितो. माझं शिक्षण सातवी, तेही नापास. लिहिताना हात थांबतो. मधे दोनदा उठून गॅस बंद आहे का बघून आलो. बंद होता.

कोडोलीहून मी शहरात आलो तेव्हा ट्रकच्या मागं नावं रंगवत होतो. राजारामपुरीत किराणा दुकानाच्या वर तुमची क्लासची खोली होती. तुम्ही मला पाटी रंगवायला बोलावलंत आणि पाटी झाल्यावर झाडलोटीला ठेवून घेतलंत. चपला बाहेर, खिडक्या बंद, कोपऱ्यात गुरगुरणारा स्टॅबिलायझर आणि मधे टेबलावर ते एकच मशीन. हिरवा पडदा, खाली फ्लॉप्या सरकवायच्या दोन फटी. मी त्याला फडकं लावायलाही भीत होतो. तुम्ही मला पैलवान म्हणायचात, माझ्या काटकुळ्या दंडांवरून. एक दिवस लाईट गेली आणि तुमचं तासाभराचं काम उडालं. मी घाबरून म्हणालो, मी काय केलं न्हाई सर. तुम्ही हसलात. नेसरीकडच्या तुमच्या घरी गुऱ्हाळ होतं, तिथलंच उदाहरण दिलंत. "ह्याच्या मेमरीत दोन जागा हायत, पैलवान. एक काहील, एक साचा. काम चाललंय तवर सगळं काहिलीत उकळत असतंय. लाईट गेली की काहील पालथी. साच्यात जेवढं ओतलंस तेवढंच तुझं." साचा म्हणजे फ्लॉपी. पाकिटातून काढून तुम्ही ती मला दाखवलीत. काळ्या आवरणाला एक लांबट खिडकी, त्यातून आतली तपकिरी तबकडी दिसते. "तिथं बोट लावायचं न्हाई. तिथंच त्याचा जीव हाय." यातलं दुसरं वाक्य माझ्या मनातून कधीच गेलं नाही, आणि पहिलं मी ऐन वेळी कसं विसरलो ते आजही समजत नाही.

मग तुम्ही माझी ट्रकवरची अक्षरं बघितलीत आणि ग्राफचे कागद आणलेत. सोळा चौकोन आडवे, सोळा उभे, त्यात एक अक्षर बसवायचं. काळा केलेला चौकोन म्हणजे पेटलेला ठिपका, कोरा म्हणजे विझलेला. एक चौकोन म्हणजे एक बिट, आठ चौकोनांचा एक बाइट, म्हणजे एका अक्षराला बत्तीस बाइट. हा हिशेब मला अजून पाठ आहे, औषधाच्या गोळ्या मात्र राहत नाहीत. मी ळ काढला तेव्हा पोटात एक चौकोन जास्त भरला होता. तुम्ही कागद माझ्या अंगावर फेकलात. "ट्रकला चालंल असलं. हितं एक ठिपका हाय म्हंजे हाय, न्हाय म्हंजे न्हाय. मधलं काय नसतंय." मी तो अकरा वेळा काढला.

दुपारी क्लास रिकामा असला की तुम्ही सांगत बसायचात. आधी मशीन खोलीभर असायचं आणि त्याची मेमरी म्हणजे मोहरीएवढ्या लोखंडी कड्या, परदेशात बायकांनी बसून तारेत ओवलेल्या, एका कडीत एक बिट. मग लोकांनी घरी जोडायची मशीनं निघाली. त्यांना पडदा नाही, टाइप करायला बटणं नाहीत, पुढं नुसते खटके आणि दिवे, आणि मेमरी दोनशे छप्पन बाइट. "आपली आठच अक्षरं मावली असती," तुम्ही म्हणालात. "ऋ धरून, अ पासून ए पर्यंत. ऐ बाहेर उभा." आमची सगळी अक्षरं, जोडाक्षरं नि काना-मात्रे धरून, सात के सुद्धा भरली नाहीत. आता सूनबाईच्या फोनवर सकाळी फुलांचं एक चित्र येतं, त्यात आमची चार वर्षं कितीतरी वेळा मावतील.

ज्या दिवशी पडद्यावर शब्द उठला, त्या दिवशी तुम्ही पहिला शब्द म्हणून माझं नाव टाकलंत. हिरव्या ठिपक्यांत. मी नुसता बघत राहिलो. तुम्ही म्हणालात, "काय पैलवान, वाचता येतंय न्हवं?"

खंडेनवमीला तुम्ही गावी गेला होता. मला सांगून गेलात, खोली झाडून ठेव, मशीन पूस. खाली दुकानात तराजूची पूजा चालली होती. समोर सायकलवाल्यानं पाने मांडले होते. दुकानदार मला म्हणाला, "तुमच्या पेटीला का उपाशी ठेवताय? तिच्यावरच पोट हाय न्हवं सरांचं?" त्यानं हळद-कुंकू दिलं, झेंडू दिला. मी मशीनला बोटं लावली, बटणांच्या पट्टीला लावली. मग फ्लॉप्या काढल्या. वस्तू पाकिटात ठेवून पूजा कशी करायची, म्हणून पाकिटातून काढल्या. हळद पाण्यात कालवली होती. कुठं लावावी हा प्रश्नच आला नाही. जीव जिथं आहे तिथंच लावली, त्या खिडकीतून, तपकिरी तबकडीवर. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून तुम्ही दोन सारख्या करून ठेवल्या होत्या. मी दोन्हींची केली. एकीची करून दुसरीची सोडणं बरं दिसलं नसतं.

दसऱ्यानंतर खोली उघडली तर हळद वाळून पापुद्रे धरलेले. ते बघून मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि मी ओल्या फडक्यानं दोन्ही पुसून पाकिटात घातल्या. दुपारी तुम्ही पहिली घातलीत. खरखर आवाज आला आणि पडद्यावर इंग्रजी ओळ आली. दुसरी घातलीत. तीच ओळ. मी दारात झाडू घेऊन उभा होतो. तुम्ही स्टॅबिलायझरकडे बघितलंत आणि म्हणालात, "मीच ठेवल्या असणार ह्याच्याजवळ. लोहचुंबक असतंय आत. माझ्याच हातानं घालवलं." मी झाडू मारायला लागलो.

ग्राफचे कागद होते, पण ती अक्षरं पडद्यावर जोडणारं तुमचं सगळं लिखाण त्या दोन फ्लॉप्यांतच होतं. तुम्ही पुन्हा सुरुवात केलीत. महिन्या-दोन महिन्यांत बातमी आली की मराठी उमटवणारं तयार कार्ड पुण्याला मिळतंय. तुम्ही कागद बांधून ठेवलेत. मी पुष्कळ वर्षं मनाशी म्हणत आलो की कार्ड येणारच होतं, तसंही काही उपयोग नव्हता. पण कार्ड आलं तेव्हा तुमचं आधी झालेलं होतं, आणि ते बघितलेलं माणूस माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

तुमच्या मुलीनं मंगळवारी एक फ्लॉपी पाकिटातून काढली. मधल्या भोकाच्या कडेला, आतल्या पांढऱ्या अस्तरावर, अजून पिवळं आहे.

"हे काय लागलंय, काका?"

"बुरशी असंल. जुनं झालंय."

"आणि आत काय होतं? अक्षरं होती?"

तिच्या हातात तो डाग होता. तिचा पुण्याचा माणूस तो बघणार, हळद म्हणून ओळखणार, आणि मग ती विचारणार की फ्लॉप्यांना कोण हात लावायचं. मी म्हणालो, "क्लासची पोरं सराव करायची, तसलं काहीतरी. अक्षरं अशी न्हवती."

"म्हणजे आई म्हणायची तेच," ती म्हणाली. रागावली नाही. फ्लॉप्या पाकिटात घालून पिशवीत टाकल्या, भंगाराच्या बाजूला ठेवते म्हणाली, आणि जाताना माझ्या पाया पडली. "बाबा तुमचं फार नाव काढायचे."

मला रडू वगैरे आलं नाही. मी दार लावलं, कडी बसली का बघितलं, आणि जेवलो. तेव्हापासून तसाच आहे. झोप लागते. पाय गार पडतात, तेवढंच.

आज शुक्रवार. तिचा नंबर मी कॅलेंडरच्या कडेला लिहून घेतलाय. फोन इथंच वहीच्या शेजारी आहे. तुम्हाला सगळं लिहून काढलं की तिला सांगितल्यासारखं होईल असं सकाळी वाटलं होतं. आता चार वाजले. तसं झालेलं नाही.